खालच्या खणातला मध

माघ सरता सरता घुमटवाडीत लाकडाची पेटी आली. मेढ्याहून चार कोसांची वाट चढून एका गड्यानं ती डोक्यावरून आणली आणि धुळाच्या सोप्यात उतरवली. मागनं नाथाजी मास्तर आला. तो मधाच्या खात्यातला माणूस. पेटीत मधमाश्या पाळायला शिकवायचा, म्हणून वाड्यावाड्यांतून लोक त्याला मास्तर म्हणत. मूळचा वाळव्याकडचा, उसाच्या मुलखातला. डोंगर चढून त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता.

धुळा सोप्यात वाकळेवर पडला होता. गेल्या वैशाखात तो कड्यावरून खाली आला. आग्या मोहोळ काढायला वेलाच्या दोरानं उतरला होता. वर दोर धरायला बायकोचा भाऊ, अर्जुना. दोर मेव्हण्यानंच धरायचा अशी त्या डोंगरातली रीत. भाऊ काही झालं तरी बहिणीचं कुंकू पुसू द्यायचा नाही. अर्जुनानं दोर सोडला नाही. दोरच कातळाच्या धारेवर कातरला. धुळा करवंदीच्या जाळीत पडला म्हणून जगला, पण कमरेचं हाड सरकलं ते पुन्हा बसलं नाही. वीस वर्षं कड्याखालच्या साऱ्या वाड्या ज्याच्या नावानं मध मागत होत्या, तो आता परसाकडंला जायला बायकोच्या खांद्याला लोंबकळत होता.

“ही कशाला आणली?” पेटीकडं न बघता धुळानं विचारलं.

“सातेरी माश्या ठेवायला, धुळाबा. ढोलीत ऱ्हात्यात त्या.”

“माशी ठेवायची नसती. ती ऱ्हाती.”

“म्हस ठेवताच की तुमी.”

“म्हस गोठ्यातच जन्मती.”

“पयली म्हस कुठं जन्मली हुती?”

धुळानं तोंडातली तंबाखू सोप्याच्या कडेला थुंकली.

हरणाबाई उंबऱ्यात उभी होती. चाळिशीची, हाडापेरानं मजबूत बाई. सासू गेली, पोर झालं नाही, आणि आता नवरा असा. दोन म्हशी आणि नाचणीचं डगरीवरचं रान ती एकटी ओढत होती. तिनं एकच विचारलं, “ह्याला कड्यावर चढायला लागतंय का, मास्तर?”

“न्हाई. समदं परसात बसून.”

“मग ऱ्हाऊ द्या हितं.”

धुळानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

दुसऱ्या दिवशी मास्तर, हरणाबाई आणि अर्जुना पेटीत मोहोळ भरायला रानात गेले. ढोल्या हरणाबाईला ठाऊक होत्या. धुळाच्या मागनं पाटी घेऊन ती वीस वर्षं रान हिंडली होती. ओढ्याकाठच्या एका जुन्या हिरड्यात छातीएवढ्या उंचीवर ढोली होती. अर्जुनानं कुऱ्हाडीनं तोंड रुंद केलं. आक्काच्या डोळ्याला डोळा तो अजून देत नव्हता. सांगितलेलं काम खाली मान घालून करायचा. मास्तरानं चिंधीचा धूर दोन फुंकरा दिला, बस तेवढाच. जाळ नाही, टेंभा नाही. मग सदऱ्याच्या बाह्या दुमडून उघडा हात ढोलीत घातला आणि एकेक पोळं भाकरीसारखं अलगद बाहेर काढलं. लाकडी चौकटीत बसवून ते केळीच्या सोपटानं बांधलं.

“आता बघा, ही राणी,” तो म्हणाला. “हिला धरली की समदी येत्यात.”

लांब, काळसर, चालताना पोट ओढणारी माशी. हरणाबाईनं उभ्या जन्मात राणी बघितली नव्हती. धुळाच्या धंद्यात ती जाळात जायची नाहीतर पिळ्यात.

पेटी परसात, पेंढ्याच्या छपराखाली चार दगडांवर ठेवली. पायांखाली पाण्याच्या करवंट्या, मुंग्यांसाठी. आणि दाराला मास्तरानं पत्र्याची बारीक जाळी ठोकली. तिच्या फटीतून कामकरी माशी जाई-येई, राणी मात्र पोटानं मोठी, ती अडायची.

“आठ-पंधरा दिस ठिवायची,” मास्तर म्हणाला. “घर मानवलं की काढायची. पावसाळ्यात पळायच्या बेताला आल्या तर परत लावायची. पर एक ध्यानात ठेवा, हरणाबाई. दार आपुन लावलं की प्वाट बी आपल्याकडं लागलं. मग साखरंचा पाक घालायचा. साखर मी आणून देतो.”

“आन मध?”

“पेटीला दोन खण हायेत. वरच्या खणातलं आपलं. खालच्या खणातलं तिचं. खालच्याला हात लावायचा न्हाई.”

सांजचं मास्तर सोप्यात जेवायला बसला. नाचणीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं. धुळा भिंतीला टेकून बसला होता. तो एकाएकी बोलला.

“देवानं तिला ढोली दिली हुती. तू फळकुटात घातली.”

“धुळाबा, सुगरण खोपा बांधती त्यो देवाचा का तिचा?”

“तिचा. पर बांधायची अक्कल देवाची.”

“मुंगीचं वारूळ?”

“तसंच.”

“मग मानसानं पेटी केली, ती अक्कल कुणाची? मानूस काय देवाच्या रानाभाईर जन्मलाय? आमच्याकडं ऊस हाय. असला ऊस कुठल्या रानात आपसूक उगवत न्हाई, मानसानं केलाय. तुमचा बैल घ्या. देवानं वळू केला. खोंड बडवून बैल कुणी केला?”

धुळा हसला. कमरेत कळ आली, तसं हसू मधीच तुटलं. “बराबर हाय तुझं. पर सुगरण खोपा बांधती आन सोता त्यात ऱ्हाती. दुसऱ्याला कोंडून दाराला पत्रा मारीत न्हाई.”

“तुमी टेंभा लावत हुता, त्ये बरं हुतं?”

“बरं कोन म्हनतंय?” धुळा म्हणाला आणि आडवा झाला.

मास्तर सकाळी उठून पुढच्या वाडीला गेला. हरणाबाईच्या डोक्यात मात्र ते बोलणं राहिलं. दोघांचंही तिला पटत होतं, आणि म्हणून दोघांचाही राग येत होता.

जांभळी फुलल्या, मग हिरडे. पेटी वजनाला चढली. जाळी काढून तिनं आढ्याला खोचून ठेवली. भल्या पहाटे धार काढून ती परसात यायची, पेटीपुढं बसायची. माश्या पायाला पिवळे गोळे लावून उतरायच्या, आत शिरायच्या. तिच्या हातावर बसायच्या, चावायच्या नाहीत. सोप्यातनं धुळाची हाक यायची, “मेलीस का तिकडं?” तरी ती घटकाभर बसायची.

वैशाखात मास्तर पत्र्याचं पिंप घेऊन आला. पिंपाला दांडा, आत जाळीचा पिंजरा. सुरीनं पोळ्यावरची मेणाची टोपणं कापून त्यानं चौकट पिंजऱ्यात उभी केली आणि दांडा फिरवला. मध पिंपाच्या अंगावर उडून सरसर खाली आला. पोळं जसंच्या तसं राहिलं. रिकामं पोळं त्यानं परत पेटीत ठेवलं. माश्या त्यावर लगेच कामाला लागल्या.

हरणाबाईचे डोळे मोठे झाले. पिळलेल्या पोळ्याचा चोथा, त्यातल्या पांढऱ्या अळ्या, मेणात चिकटलेले पंख, हे सारं तिनं वीस वर्षं हातानं निपटलं होतं. इथं एक पोर मेलं नाही. वाडीतल्या बायका जमल्या. बोट लावून चाटू लागल्या. कुणीतरी म्हणालं, “काचंवानी निर्मळ गं बाई. धुळाच्या मधात राख असायची.”

ते सोप्यात ऐकू गेलं.

पिंप दोन दिवस तिथंच ठेवून मास्तर शेजारच्या वाडीला गेला. सांजचं हरणाबाईनं पितळेची चरवी धुळापुढं आणून ठेवली. तिला वाटलं, आता तरी हा काही म्हणेल.

धुळानं चरवीत वाकून बघितलं. मग बोट घालून मोजलं. “चार बोटं मोकळी हाय.”

“पयलं वरीस हाय.”

“माझ्या एका कड्याच्या मधात अशा धा चरव्या बुडल्या असत्या. तुझ्या सरकारी माश्यांनी एक भरंना.” आणि वर म्हणाला, “बाईच्या हातचा मध त्यो. असायचाच.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर हरणाबाईनं धूर केला आणि पेटी उघडली. वरचा खण बाजूला ठेवला. खालच्या खणात मधल्या चौकटींत पिलावा होता, अळ्यांनी भरलेला. कडेच्या दोन चौकटी मधानं भरून पांढऱ्या झाल्या होत्या. तिचा हात थोडा थांबला. मास्तर साखर देणारच आहे, असं तिनं मनाशी म्हटलं. दोन्ही चौकटी काढल्या, टोपणं कापली, दांडा फिरवला. पिंपाचा घरघर आवाज सोप्यात जात होता. तो जावा म्हणूनच ती जोरानं फिरवत होती.

चरवी काठोकाठ भरून तिनं धुळाच्या उशाशी आणली. थोडा मध सारवलेल्या जमिनीवर सांडला.

“भरली,” ती म्हणाली.

धुळानं बघितलं. मध खालच्या खणातला आहे हे त्याला कळायचं कारण नव्हतं, रंगावरून कळलं. “पिलाव्याशेजारचा मध ह्यो,” तो म्हणाला. तिनं चरवी उचलली आणि आत नेली.

पावसानं मृगात धरलं ते सोडलंच नाही. त्या डोंगरात पाऊस थेंबांनी पडत नाही, दोरांनी पडतो. घराच्या तिन्ही बाजूंनी गवताचे झाप बांधलेले, आत दिवसाही अंधार. चुलीला ओलं सरपण, डोळ्यांतून पाणी. ईरलं पांघरून हरणाबाई चिखलात नाचणी लावायची. हातापायांच्या बोटांच्या बेचक्या कुजून पांढऱ्या झाल्या होत्या. रानात एक फूल नव्हतं.

आषाढाच्या तोंडाला मास्तर एकदा येऊन गेला. पायलीभर साखर आणली होती. करवंटीत पाक, वर गवताच्या काड्या, माश्या बुडू नयेत म्हणून. खालच्या खणात डोकावून तो चपापला. “कडेच्या चौकटी मोकळ्या कशा?”

“खाल्ल्या असतील,” हरणाबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं. “फुडच्या बाजारी अजून साखर आणतो,” एवढंच म्हणून गेला.

पुढच्या बाजारी घाटात दरड आली. मास्तर पलीकडं राहिला. साखर सरली. रेशनवर घराला मिळालेली मूठमूठ साखर तिनं आधीच घातली होती. माश्या पेटीतून निघून छपराखाली घोंगावायच्या, परत जायच्या. एकदा सकाळी उघाडीत निम्म्या माश्या दाराबाहेर येऊन लोंबकळल्या, तशी तिनं आढ्यातली जाळी काढली आणि ठोकली.

दोन दिवसांनी पाऊस घटकाभर थांबला. पेटीतून माश्यांचा लोट निघाला. सगळं परस काळं झालं. समोरच्या गेळीच्या झाडाच्या फांदीवर मुठीएवढा घोस बसला, मग नारळाएवढा. हरणाबाई हातातलं शेण तसंच धरून बघत राहिली. घोस हलत होता, वाट बघत होता. अर्ध्या घटकेनं तो विस्कटला आणि माश्या एकेक करून पेटीत परतल्या.

झापाच्या फटीतून धुळानं सगळं बघितलं होतं. “राणी आडली. तिच्याबिगर त्या जात न्हाईत,” तो म्हणाला. मग म्हणाला, “पेटीवर कान ठीव. आन सांग मला, आवाज कसा येतोय.”

तिनं कान लावला. “बारीक. कन्हल्यावानी.”

“उपाशी हायेत. पत्रा काढ.”

“काढला तर जातील.”

“जाऊ देत.”

“ह्या पावसात कुठं जातील? भिजून मरतील.”

“मरतील न्हाईतर जगतील. घाटाखाली कुठं फूल असंल, वास येत असंल त्यास्नी. तुला येतोय का?”

हरणाबाईचा तोल गेला. “तुमी सांगू नगा मला! हजारांनी जाळल्यात तुमी. पोरं मधासंगं पिळून खाल्ली.”

“पिळली,” धुळा म्हणाला. “न्हाई म्हनत न्हाई. पर उरल्या त्या उडून गेल्या. फुडच्या कड्याला लागल्या. म्या कुनाचं दार धरून बसलो न्हवतो, हरणे.”

“उद्या मेढ्याला जाते. साखर आनते.”

“कोन देनार हाय?”

“आनते म्हनलं न्हवं!”

तांबडं फुटायला ती निघाली. ओढ्याला कमरेएवढं पाणी होतं. पलीकडच्या झाडाला धरून पार केलं. मेढ्याला पोचली तेव्हा ईरल्याखाली सुद्धा लुगडं पिळून निघालं होतं. रेशनच्या दुकानापुढं फळीवर चारपाच माणसं बिड्या ओढत बसलेली.

“साखर घाटाखाली अडकलीया,” दुकानदार म्हणाला. “आन आली तरी तुझी ह्या म्हयन्याची नेलीस की.”

“थोडी द्या. घरासाठनं न्हाई. माशांस्नी पायजे.”

“कुनास्नी?”

“माशांस्नी.”

फळीवरचा एक जण दुसऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाला, “मावशे, माशांची नावं कारडावर चढवून घे की. किती हायेत? मोजून आण.”

सगळे हसले. दुकानदारही हसला. हरणाबाई उभीच राहिली. तिच्या पदरातून पाणी फळीवर गळत होतं, तेवढ्यासाठी कुणीतरी तिला “जरा लांब उभी ऱ्हा,” म्हणालं. शेवटी तिनं गुळाचा खडा घेतला. गूळ माशीला बाधतो, पोट बिघडतं, हे मास्तरानं सांगितलेलं तिच्या ध्यानात होतं. तरी घेतला, लुगड्याच्या ओच्यात बांधला आणि चढणीला लागली.

घरी आली तेव्हा दिवस मावळतीला गेला होता. सोप्यात वाकळ मोकळी होती.

“आवं?”

ती परसात धावली. सोप्यापासून पेटीपर्यंत चिखलात रुंद फरपाटा उमटला होता, ढोर ओढून न्यावं तसा. त्याच्या शेवटाला धुळा पालथा पडला होता. तोंड, छाती, केस चिखलानं माखलेले. धोतर सुटून मागं पडलेलं. उजव्या हाताच्या बोटांची नखं उलून रक्त निघत होतं आणि मुठीत पत्र्याची जाळी होती. खिळे बोटांनी उपसले होते त्यानं.

“काढली,” तो म्हणाला. दात वाजत होते. “दुपारच्यालाच काढली. जाईनात.”

पेटीचं दार उघडं होतं. उंबरठ्यावर दोन-तीन माश्या बसल्या होत्या. पंख हलवत होत्या, उडत नव्हत्या. एक घसरून खाली चिखलात पडली.

हरणाबाईनं पेटीचं झाकण उचललं. चौकट बाहेर काढली. माश्या पोळ्यावर होत्या, पण पोळ्यावर नुसती ढुंगणं दिसत होती. प्रत्येक घरात एकेक माशी डोकं खुपसून मेली होती. तळाशी लागलेला शेवटचा थेंब चाटायला शिरली ती तशीच राहिली. दुसरी चौकट, तिसरी, तसंच. मधल्या चौकटीवर दहाबारा जिवंत होत्या. त्यांच्यामध्ये राणी हिंडत होती, एका मोकळ्या घरातून दुसऱ्यात वाकून बघत. हरणाबाईनं गुळाचा खडा फोडला, थुंकीनं ओला केला आणि तिच्या तोंडाशी धरला. राणी बोटावर चढली, थोडी चालली आणि थांबली.

मग तिनं नवऱ्याच्या काखेत हात घातले. त्याला उचलता येईना, म्हणून आल्या वाटेनंच ओढत नेलं. चुलीवर पाणी ठेवलं. त्याचं अंग पुसून वाकळ पांघरली. त्या रात्री त्याला ताप भरला, तो पुढं आठ दिवस उतरला नाही.

घाट मोकळा झाला तो गौरी-गणपतीच्या आधी. मास्तर आला, बरोबर गडी, गड्याच्या डोक्यावर साखरेचं पोतडं. पेटी सोप्यात आणून ठेवलेली बघून त्याला सगळं उमगलं. चौकट उजेडाला धरून तो पुष्कळ वेळ बघत राहिला.

“व्हतं असं,” अखेर म्हणाला. “औंदा सात वाड्यांत ह्येच झालंय. मनाला लावून घ्यायचं न्हाई. दसऱ्यानंतर दुसरं मोहोळ भरू.”

त्यानं पिशवीतून वही काढली. मांडीवर उघडली, शिसपेन्सिल जिभेला लावली. “नोंद करायला पायजे. मोहोळ का मेलं, त्ये लिवायचं असतं. पाऊस लिवतो.”

“पाऊस नगा लिवू,” हरणाबाई म्हणाली.

“मग काय लिवू?”

“पाऊस काय औंदाच पडला? त्यो पडतूयाच. हिरड्यात हुत्या तवा बी पडत हुता. खालच्या खणातलं मी काढलं, मास्तर. खाल्ल्या म्हनून तुमास्नी खोटं सांगितलं. पत्रा मी मारला. म्हनीत हुते ते, काढ, तर काढला न्हाई. माझं नाव लिवा.”

मास्तर गडबडला. धुळाकडं बघितलं. धुळा भिंतीला टेकून बसला होता, तापानं निम्मा झालेला. तो जमिनीकडं बघत होता.

“नाव लिवायला जागा न्हाई, हरणाबाई,” मास्तर हळूच म्हणाला. वही तिच्यापुढं फिरवून त्यानं बोट ठेवलं. “ह्यो रकाना बघा. छापील हाय. पाऊस, रोग, मुंगी, अस्वल, मेणकिडा. ह्यातलंच एक लिवायचं.”

“मानूस न्हाई त्यात?”

“न्हाई.”

“आन चरवी भरून मध आला, त्यो कुनाच्या नावावर चढला? पावसाच्या?”

बाहेर गडी पोतडं उतरवून बिडी पेटवत होता. मास्तरानं वही परत आपल्याकडं वळवली, वाकून यादीतला पहिलाच शब्द रकान्यात लिहिला आणि शाई नसतानाही सवयीनं फुंकर मारली.

हरणाबाईला वाचता येत नव्हतं. तरी ती वाकून बघत राहिली. शब्द लहानसाच होता. लिहायला मास्तराला काहीच वेळ लागला नव्हता.